वरच्या फळीवरचे किडे

आमच्या विभागात शत्रू दोन आणि कपाट एक, म्हणून भांडण पेटलं, असं बाहेरचे लोक सांगतात. ते खरं नाही. कपाटं दोन असती तर त्यांनी चाव्यांवरून पेटवलं असतं.

कागदोपत्री ते इन्क्युबेटर, आमच्या तोंडी कपाट. बाहेर अलेक्झांड्रियात काय वाटेल तो उन्हाळा असो, आत वीस अंश. निदान दारावरच्या आकड्याचं तसं म्हणणं होतं. वीज गेली की तो आकडाही जायचा, त्यामुळे त्याने वीसशिवाय दुसरं काही म्हटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आत आमचे किडे. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार. जन्म, लग्नकार्य, म्हातारपण आणि मयत, सगळं वीसेक दिवसांत उरकतात. म्हातारपणाचा अभ्यास करायला याहून सोयीचा प्राणी नाही. माणूस निवडला असता तर आमच्या दोन्ही डॉक्टरांना निकाल बघायला मिळाला नसता, आणि निकाल बघण्यापेक्षा दुसऱ्याचा निकाल लागलेला बघणं हीच दोघांची जगण्याची उमेद होती.

पहिले डॉ. शौकी बलीग, विभागप्रमुख. सप्टेंबरात साठ पूर्ण, म्हणजे खुर्ची खाली. दुसऱ्या डॉ. इग्लाल, वय सेहेचाळीस, म्हणजे खुर्चीवर पुढचा हक्क त्यांचा. चार वर्षांपूर्वी भर परिसंवादात इग्लालबाई म्हणाल्या होत्या, "प्रोफेसरसाहेबांच्या आलेखातली रेघ प्रोफेसरसाहेबांसारखीच आहे. वर चढते, कुठे पोचते ते कळत नाही." त्या दिवसापासून बोलणं बंद. व्यवहार सगळा कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून.

"दार आपटणाऱ्या व्यक्तीने आपल्या घरची दारं आपटावीत. – शौकी बलीग."

"ज्यांना आवाज सोसत नाही त्यांनी सप्टेंबरची वाट पाहावी. – इग्लाल."

मी अफाफ. किडे मोजणारी. बावीस वर्षं तेच करते आहे. रोज सकाळी नऊला सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट घ्यायची, प्लॅटिनमच्या तारेने प्रत्येक किड्याला डोक्यापाशी तीनदा हलकेच टोचायचं. हलला तर जिवंत, तिन्ही वेळा नाही हलला तर मेला. प्लेटच्या भिंतीवर चढून वाळून गेला तर तो ना जिवंत ना मेलेला, त्याला 'वगळला' लिहायचं. ही तार आपली आपण करायची असते. काचेच्या नळीच्या टोकाशी वितळवून बसवायची, टोक हातोडीने चपटं करून घासायचं. मोजणारी बाई आपला दात घासायचा ब्रश एकवेळ दुसरीला देईल, तार देणार नाही. माझी तार अकरा वर्षांची होती.

आता भांडण कशावर ते सांगते.

पेशीत प्रथिनं सतत तयार होत असतात. घडी नीट पडली तर कामाची, वाकडी पडली तर निकामी. तरुण पेशीत एक डागडुजीचं पथक असतं. ते वाकडं सरळ करतं, सरळ होत नसेल तर मोडून टाकतं. पेशी उतरणीला लागली की दोन्ही थांबतं. वाकडी प्रथिनं जागच्या जागी पडून राहतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात, आणि त्या गठ्ठ्यांना पुढे कुणी हात लावत नाही. ज्यांनी आमच्या विभागाच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

इग्लालबाईंचं म्हणणं, हे पथक म्हातारपणी नोकरी सोडत नाही. किड्याने पहिलं अंडं घातलं की त्याच दिवशी, काही तासांत सोडतं. वंश चालला, आता घराची डागडुजी कशाला. बाईंना तीन मुलगे आहेत आणि हा निष्कर्ष त्या फार समाधानाने सांगत.

शौकीसाहेबांचं म्हणणं, पथक परत आणता येतं. कशाने, तर कलौंजीच्या अर्काने. आमच्याकडे तिला बरकतीचं बी म्हणतात. सर्दीपासून संसारापर्यंत सगळ्यावर प्रत्येकाच्या आईने ते चारलेलं असतं. अर्क खाल्लेले साहेबांचे किडे पंचवीस दिवस जगत, साधे किडे एकोणीस. दोन उन्हाळे हाच निकाल. हिवाळ्यात मात्र फरक येत नसे. ते आकडे साहेब बाजूला ठेवत. "हिवाळ्यात किडे उदास असतात," ते म्हणायचे.

कपाटाचा तह असा होता: वरची फळी साहेबांची, खालची बाईंची. संस्थेने ठरवून दिलं होतं की साध्या किड्यांचा एकच संच दोघांनी वापरावा, उगाच दोन कशाला. साधे किडे बाईंच्या ताब्यात, म्हणजे खालच्या फळीवर. अर्काचे किडे वर, साधे खाली. खरं तर दोन्ही फळ्यांवर दोन्ही प्रकार मिसळून ठेवायचे असतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतात. शिकवणारे हे दोघेच. पण मिसळायचं म्हणजे आपली प्लेट दुसऱ्याच्या फळीवर ठेवायची, आणि परवानगी चिठ्ठीतून मागायची. दोघांपैकी एकानेही चार वर्षांत तसली चिठ्ठी लिहिली नाही.

मला यातलं काही दिसायचं नाही. तोच तर नियम. मोजणारीला कुठली प्लेट कुणाची हे कळता कामा नये. आमचे शिपाई अम्म बशंदी, म्हणजे बशंदीकाका, प्लेटांच्या बुडाला नुसते आकडे चिकटवायचे, सगळ्या एका तबकात कालवून माझ्यापुढे आणायचे आणि मोजून झाल्या की आपल्या यादीप्रमाणे वरच्या वर, खालच्या खाली ठेवून यायचे. यादी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. शौकीसाहेब आणि इग्लालबाई जगात एकाच माणसावर विश्वास ठेवत, तो हा. कारण त्याला पदवी नव्हती.

जूनमध्ये बाईंनी घाव घातला. त्यांनी गुपचूप बाजारातून कलौंजी आणली, साहेबांच्याच पद्धतीने अर्क काढला आणि आपल्या खालच्या फळीवर प्रयोग केला. किडे एकोणीस दिवसांत मेले. साध्यांबरोबर, एका रांगेत. बाईंनी हे अधिष्ठात्यांच्या बैठकीत वाचून दाखवलं.

अधिष्ठाते डॉ. हिशमत हे शांत माणूस. कुणी काही म्हणालं की ते चहात साखर घालत आणि तोवर विषय निघून जाई. या वेळी तीन चमचे झाले तरी विषय गेला नाही.

"माझे किडे पंचवीस दिवस जगतात," शौकीसाहेब छताकडे बघत म्हणाले. "काही लोकांच्या हाताला यश नसतं, त्याला मी काय करणार?"

"हिशमतसाहेब, त्यांना विचारा," इग्लालबाई म्हणाल्या, "मेलेल्याला जिवंत दाखवायची सवय त्यांना कुठे लागली? मतदार यादीत?"

"त्यांना विचारा, जिवंताला मेलेलं म्हणायची सवय कुठे लागली? नवऱ्यापासून?"

"दोघांचे किडे मोजतं कोण?" हिशमतसाहेबांनी विचारलं.

बस्स. एवढंच विचारलं त्यांनी. चार वर्षांत प्रथमच दोघांनी एकाच दिशेला पाहिलं. त्या दिशेला मी बसले होते.

"हो, मोजते ही," साहेब हळूच म्हणाले. "बावीस वर्षं झाली. डोळे काय राहिले असतील."

"डोळ्यांचं नाही," बाई म्हणाल्या. "हिला कळत असणार कुठल्या कुणाच्या. त्यांच्या वेळी हात मऊ पडतो."

"माझ्या वेळी? त्यांच्या वेळी जड पडतो म्हणा. त्यांनीच हिला भरवलं असेल."

"हिशमतसाहेब, मी हिला साधा चहा पाजला नाही आजवर."

हे मात्र खरं होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "मला प्लेटा ओळखूच येत नाहीत. बुडाला आकडा असतो."

"चोरही हेच म्हणतो," साहेब म्हणाले, "की अंधार होता."

चौकशी समिती नेमली गेली. निकाल लागेपर्यंत मी मोजायचं नाही, कपाटाला हात लावायचा नाही. दोष सिद्ध झाला तर बदली: शहराबाहेरच्या बुर्ज अल-अरब गावी, वसतिगृहात, गाद्यांच्या रजिस्टरवर. शिवाय सेवापुस्तकात शेरा, 'खोटी मोजणी'. गाद्यांचं मला वाईट वाटलं नसतं, गादी तीनदा टोचावी लागत नाही. पण बावीस वर्षं मी जिवंताला जिवंत आणि मेलेल्याला मेलेलंच लिहिलं होतं. माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. समितीच्या कारकुनाने माझी तार पुरावा म्हणून लिफाफ्यात घातली, दुमडून, आणि वर लाखेचा शिक्का मारला. त्याने ती ज्या तऱ्हेने दुमडली ते पाहून मला पहिल्यांदा रडू आलं.

मी जिन्याखाली अम्म बशंदींच्या स्टुलाशेजारी बसू लागले. दुसरीकडे बसायला जागा नव्हती, आणि माझ्याशेजारी बसायला दुसरं कुणी नव्हतं.

"खा, अब्ला," ते भिजवलेले तुर्मुसचे दाणे पुढे करत. आम्हाला मान द्यायचा झाला की लोक अब्ला म्हणतात, म्हणजे ताई. त्या आठवड्यात तसं म्हणणारे ते एकटेच उरले होते. "भांडतात दोन म्हशी, आणि तुडवली जाते मेथी."

"अम्म बशंदी, तुम्ही प्लेटा कुठे अदलाबदल नाही ना केल्यात?"

त्यांनी दाणा सोलला, साल बाजूला ठेवलं. "तीस वर्षांत नाही केल्या. आता तुम्ही विचारलंत म्हणून राग नाही आला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर आला असता."

"मग एकाच अर्काने वर जगतात आणि खाली मरतात, हे कसं?"

"वर असतंच गरम," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी जिन्यावर कुणी आहे का पाहिलं. मग अर्धं मिनिट माझ्याकडे पाहिलं. गुन्हेगार माणसं एकमेकांना जशी जोखतात तसं.

"कुणाला सांगायचं नाही. माझी बहीण गावाहून तूप पाठवते. माझी खोली गच्चीवर, तिथे तुपाचं तेल होतं. म्हणून बरणी मी कपाटात ठेवतो. मागे, प्लेटांच्या आड." ते थांबले. "दोन वर्षांपूर्वी आधी वर ठेवली होती. दुपारी भारनियमन संपल्यावर बघतो तर पातळ. पार पाण्यासारखं. खालच्या फळीवर ठेवली, तर थिजलेली. पांढरी, घट्ट. तेव्हापासून खालीच असते."

रोज दुपारी एक ते तीन वीज जायची. दोन्ही उन्हाळे. कपाटाचा कॉम्प्रेसर असतो कपाटाच्या डोक्यावर. पंखा थांबला की त्याची तापलेली धग खाली उतरणार, ती थेट वरच्या फळीवर. खालच्या फळीला तिचा पत्ताही लागणार नाही. आणि हिवाळ्यात भारनियमन नव्हतं. किडे उदास नव्हते, गार होते. मी मोजायची सकाळी नऊला, तोवर सगळं पुन्हा वीस.

"दोन वर्षं तुम्हाला हे ठाऊक आहे?"

"तुपाचं ठाऊक होतं. किड्यांचं मला कुणी विचारलं?"

आता मला सत्य सापडलं होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. शास्त्राच्या कपाटात खाण्याची वस्तू ठेवली म्हणून शिपायाला त्याच दिवशी घरी पाठवतात. अम्म बशंदींना निवृत्तीला चौदा महिने होते. थर्मामीटर ठेवून दाखवावं तर विभागात थर्मामीटर एकच, बाईंनी स्वतः आणलेला, खालच्या फळीवर टांगलेला. मी आधी साहेबांना विचारलं.

"तिचा थर्मामीटर? माझ्या फळीवर?" साहेबांनी चष्मा काढला. "उद्या तिची चप्पल माझ्या उशीवर ठेव."

मग बाईंना विचारलं.

"त्यांना ताप बघायचा असेल तर काखेत धरा म्हणावं," बाई म्हणाल्या. "आणि तू कपाटापासून लांब राहा. तुझी चौकशी चालू आहे."

त्या दिवशी घरी ट्राममधून जाताना मला एक गोष्ट कळली. हे दोघे सत्यासाठी बोटभरही हलणार नाहीत. पण दुसऱ्याला खाली पाडण्यासाठी समुद्र उपसतील.

समितीने साक्षीदारांसमोर पुन्हा प्रयोग करायचं ठरवलंच होतं. मोजायला कैरोहून तिऱ्हाईत बाई येणार होती. मी सकाळी साहेबांच्या दारात उभी राहिले.

"डॉक्टर, तुमच्या कानावर घालावं म्हटलं. इग्लालबाई म्हणतात, शौकीसाहेब वरची फळी सोडणार नाहीत."

"का सोडू?"

"तेच त्या म्हणतात. जादू बियांत नाही, फळीत आहे. फळी गेली की साहेब गेले."

बाई हे म्हणाल्या नव्हत्या. पण म्हणाल्या असत्या, आणि आमच्याकडे तेवढं पुरतं.

"फळीत?" साहेबांचे कान लाल झाले. "लोखंडाच्या फळीत जादू आहे म्हणते? ही बाई प्राध्यापक होणार?"

"मी नुसतं सांगितलं."

"खाली ठेवतो म्हणावं. तळाला ठेवतो, तिच्या नाकाखाली. बघू दे पंचवीस दिवस डोळे फाडून."

मग मी बाईंकडे गेले.

"डॉक्टर, साहेब खालची फळी मागतायत."

"कशाला?"

"ते म्हणतात खालच्या फळीला तुमची नजर लागलेली आहे. तुमच्याजवळ साधे किडेसुद्धा लवकर मरतात. बिचाऱ्यांना वर ठेवलं तर चार दिवस जास्त जगतील."

नजर लागण्यावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणूनच तो घाव खोल गेला.

"ठेव," त्या म्हणाल्या. "माझे सगळे साधे वर ठेव. जगू देत म्हणावं. मीही बघते किती जगतात ते."

समितीसमोर दोघांनी आपापल्या हाताने सही केली. फळ्यांची अदलाबदल. अर्काचे खाली, साधे वर. साहेबांनी नजर लागू नये म्हणून खालच्या फळीला निळा मणी बांधला. शास्त्राशी त्याचा संबंध नाही, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. बायकोने दिला होता. बाईंनी आपला थर्मामीटर खालून काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. त्यांच्या फळीवर माझं काही नको, म्हणाल्या.

तुपाची बरणी त्याच संध्याकाळी कपाटातून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही.

जुलै गेला. कैरोची बाई अबोल होती. रोज मोजायची, आकडे लिहायची आणि आमच्या कॅन्टीनच्या फूल नावाच्या उसळीबद्दल तोंड वाकडं करायची. मी जिन्याखाली बसून तिच्या तारेचा काचेवर होणारा बारीक आवाज ऐकायचे. तिचा हात बरा होता. जरा घाईचा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात समिती कपाटाच्या खोलीतच बसली. अम्म बशंदींनी खिशातून यादी काढून दिली. हिशमतसाहेबांनी आकडे जुळवले, मग पुन्हा जुळवले, मग साखरेकडे हात नेला आणि मागे घेतला.

"बरकतीचं बी खाल्लेले," ते म्हणाले, "एकोणीस दिवस."

इग्लालबाई खुर्चीत मागे रेलल्या. "मेले. बरकतीसकट मेले."

शौकीसाहेब कपाटाकडे, आतल्या निळ्या मण्याच्या दिशेने बघत होते. "नजर एवढी कडक असेल असं वाटलं नव्हतं."

"थांबा," हिशमतसाहेब म्हणाले. "डॉ. इग्लाल, तुमचे साधे किडे चोवीस दिवस जगलेत."

"काय?"

"चोवीस. तुम्ही त्यांना काय चारलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हिशमतसाहेब, साधे म्हणजे साधे. काही चारलं तर ते साधे राहतील का?"

"मग जगले कसे?" शौकीसाहेबांचा आवाज एकदम गोड झाला. "चोरून बरकतीचं बी चारलं वाटतं त्यांनी. शेवटी आल्या ना आमच्याकडे."

"माझ्या किड्यांना त्यांचं बी चारण्यापेक्षा मी विष घालेन."

"ते त्या दोन वर्षं घालतच होत्या."

मी शेवटच्या बाकावरून हात वर केला. आरोपीने हात वर केला की लोकांना वाटतं कबुली देणार. सगळे माझ्याकडे वळले.

"एक वाजायला दहा मिनिटं आहेत," मी म्हणाले. "वीज जाईल. बाईंच्या पर्समधला थर्मामीटर वरच्या फळीवर ठेवा, आणि आपण सगळे तीनपर्यंत इथे बसू."

कैरोची बाई म्हणाली, "ठेवा की." तिला भांडणाची सवय नव्हती, म्हणून तिला हे सोपं वाटलं. इग्लालबाईंनी पर्स उघडली. सगळ्यांदेखत नाही म्हणता येईना.

वीज गेली. एसी बंद पडला. दोन तास सात माणसं एका खोलीत घामाघूम, आणि त्यातल्या दोघांची पाठ एकमेकांकडे. तीनला हिशमतसाहेबांनी दार उघडून वाचलं. वर साडेएकतीस. मग तोच थर्मामीटर पाच मिनिटं खाली ठेवला. बावीस.

खरं ते आधी इग्लालबाईंना कळलं. काही झालं तरी विषय त्यांचा. त्या बोलू लागल्या, पण कुणाकडे बघून नाही, थर्मामीटरकडे बघून.

"पहिलं अंडं घालायच्या आधी," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या दोन दिवसांत रोज असा थोडा तडाखा बसला, तर पेशीला वाटतं संकट आलं. पथक भरभरून तयार होतं. संकट काही येत नाही, पण पथक उरतं. पुढे कित्येक दिवस वाकडी प्रथिनं उचलत राहतं. अंडी घातल्यावर पहिला तडाखा दिला असता तर उपयोग नव्हता. तेव्हा नुसतेच भाजले असते."

"म्हणजे बी नाही," हिशमतसाहेब म्हणाले.

"नाही. भारनियमन."

"म्हणजे डॉ. शौकींचे किडे खरंच पंचवीस दिवस जगत होते."

मी बाईंचा चेहरा पाहिला. साहेब हरले होते, त्याचा आनंद त्यावर असायला हवा होता. पण साहेब खोटं बोलत नव्हते, नुसते चुकत होते, हे त्यांना सोसत नव्हतं. चार वर्षं त्यांनी एका लबाडाचा द्वेष केला होता, आणि आता तो लबाड निघत नव्हता. साहेबांचंही तेच. त्यांनाही इग्लालबाईंनी किडे मारलेले हवे होते. दोघांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खोटं मोजलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती.

"हिला हे आधीच कसं माहीत?" साहेब म्हणाले.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "कपाटाला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं."

अम्म बशंदी दारात उभे होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"कॉम्प्रेसर वर आहे," मी म्हणाले. "वर मान करून पाहिलं तर कुणालाही दिसतो."

हे दोघांनाही लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

समितीचा अहवाल एका पानाचा होता. मोजणी निर्दोष. बदली रद्द. सेवापुस्तकात शेरा आला, तो असा: 'दोन्ही पक्षांनी संशय घेऊनही मोजणी खरी ठरली.' बावीस वर्षांत मला लेखी मिळालेलं हे पहिलं चांगलं वाक्य, आणि तेसुद्धा त्या दोघांमुळे. पुढची शिफारस, प्लेटा दोन्ही फळ्यांवर मिसळून ठेवाव्यात.

सप्टेंबरात साहेब साठीचे झाले आणि मानद म्हणून तिथेच राहिले. इग्लालबाई विभागप्रमुख झाल्या. पहिल्याच दिवशी दारावर चिठ्ठी लागली: "वरची फळी विभागप्रमुखांची." म्हणजे साहेब खाली. सगळं माहीत असताना, सहीसकट.

मी त्यांच्या खोलीत गेले. लिफाफा मला परत मिळाला होता, लाख फोडलेली, आत माझी तार, कोनात वाकलेली. ती टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, प्लेटा मी ठेवणार. दोघांच्या, दोन्ही फळ्यांवर, मिसळून. कुठे कुठली ते अम्म बशंदी ठरवणार."

"नाहीतर?"

"नाहीतर मी गाद्या मोजायला जाते. बदली मी स्वतः मागून घेईन. मग मोजायला दुसरी शोधा. लेखी खरी ठरलेली."

त्यांनी विचार केला. नवी मोजणारी आणली तर साहेब तिच्यावर संशय घेणार. माझ्यावर आता कुणालाच घेता येत नव्हता, आणि हीच त्यांना माझी सर्वांत वाईट खोड वाटत होती.

"त्यांच्या प्लेटा माझ्या प्लेटांना लागता कामा नयेत," त्या म्हणाल्या.

"दोन बोटं अंतर ठेवते."

दुसऱ्या सकाळी मी अम्म बशंदींनी सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे प्लेटा लावल्या. वर-खाली, त्यांच्या-ह्यांच्या, कालवून. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात तूप नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले तर दारावर एकच चिठ्ठी होती. "अफाफने फळ्यांची शिस्त मोडली आहे. याची नोंद घ्यावी." खाली दोन सह्या. शौकी बलीग. इग्लाल. अक्षर बाईंचं, भाषा साहेबांची, आणि मधे कुठेतरी दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असणार.

मी ती काढली नाही. बर्नर पेटवला, तार ज्योतीत धरली, लाल झाल्यावर चिमट्याने सरळ केली. पूर्वीसारखी झाली नाही, पण टोक चपटं राहिलं. अम्म बशंदींनी तबक आणलं. पहिली प्लेट आधीपासून चालू असलेल्या संचातली, एकोणिसावा दिवस. पहिला किडा काडीसारखा पडला होता. एकदा टोचलं. दुसऱ्यांदा टोचलं. माझ्या मागे दोन माणसं येऊन उभी राहिल्याचं मला श्वासावरून कळत होतं, एक डाव्या खांद्यामागे, एक उजव्या.

"मेलाय," डावीकडून आवाज आला.

"मेलेला नाही," उजवीकडून आला.

तिसऱ्यांदा टोचलं. त्याने डोकं हलवलं, एवढंसंच. मी जिवंत लिहिलं आणि पुढचा घेतला.